मागच्या सीटचं वजन

चष्मेवाला उडायला शिकतोय ही बातमी गल्लीत आली तेव्हा दोन दिवस कुणी विश्वासच ठेवला नाही. वरच्या फळीवरची फ्रेम काढायची तर हा माणूस आधी स्टुलाचे चारही पाय हलवून बघायचा. गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू एकदा पिळायचा, पुन्हा पिळायचा, आणि गिऱ्हाईक दारात पोचलं की "जरा इकडे द्या हो" म्हणून तिसऱ्यांदा पिळायचा. "हा उडणार?" समोरचा चावीवाला म्हणाला. "अहो, ह्याला जिना उतरताना दोन्हीकडे कठडा लागतो!" लोक पोटभर हसले. मग कुणाला तरी आठवलं, की ह्याचा धाकटा भाऊ त्याच मैदानावर, त्याच खेळात आठ महिन्यांपूर्वी गेला. तेव्हा हसू आवरलं, आणि "वरातीमागून घोडं, दुसरं काय," एवढं बोलून जो तो आपल्या कामाला लागला.

उडायचं म्हणजे विमानातून नव्हे. तीन चाकांची लोखंडी गाडी, तिच्यात एकामागे एक अशा दोन सीटा, आणि त्यांच्या पाठीमागे जाळीत इंजिन आणि पंखा. गाडीमागे जमिनीवर भलीमोठी कापडी छत्री पसरायची, तिच्या दोऱ्यांचा गुंता एकेक करून सोडवायचा, आणि गाडी पळवायची. छत्री वाऱ्यानं भरून डोक्यावर उभी राहिली की इंजिनला पूर्ण गॅस, म्हणजे रेस, द्यायचा. गाडी जमीन सोडते. गॅस वाढवला की वर, कमी केला की खाली. डावी पायपट्टी दाबली की डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. "इतकं सोपं आहे, म्हणूनच माणसं मरतात," असं मैदानाचे मास्तर पहिल्याच दिवशी सांगायचे. साठी ओलांडलेला माणूस, पंचवीस वर्षं ह्याच धंद्यात. इंजिनच्या आवाजानं एक कान गेलेला, म्हणून स्वतः कायम ओरडूनच बोलायचे.

मास्तरांचे दोन नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिला हुकाचा. छत्रीचे पट्टे गाडीच्या वरच्या दांडीला हुकानं अडकवतात आणि त्या दांडीत दोन भोकं असतात. एकटा उडणार असेल तर हूक पुढच्या भोकात, दोघं असतील तर मागच्या, म्हणजे मागच्या माणसाचं वजन तोललं जातं. मागची सीट रिकामी आणि हूक मागच्या भोकात राहिला, तर गाडी हवेत नाक खाली घालते. उलट झालं तर नाक वर.

दुसरा नियम हातांचा. इंजिनपुढे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून मागचा माणूस हातानं बोलतो. डाव्या खांद्यावर हात ठेवला की डावीकडे वळायचं, उजव्या खांद्यावर ठेवला की उजवीकडे. आणि निघताना, मागच्यानं बसून बेल्ट लावला की पुढच्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. पुढच्यानं डावा अंगठा वर करायचा आणि सुटायचं. हेल्मेट आणि खांद्यावरचे पट्टे असले की मान मागे वळत नाही. वळवायचीही नाही, नजर छत्रीवर ठेवायची.

धाकट्यानं दोन सीटांची गाडी घेतली ती दादाला बसवायला. दोन वर्षं दादा "पुढच्या रविवारी" म्हणत राहिला. शेवटी एका शनिवारी कसा कोण जाणे, "येतो" म्हणून बसला. रविवारी पहाटे साडेपाचला धाकट्याचा फोन आला. "दादा, मी गाडी तापवून ठेवतो. तू फाटकातून सरळ ये, मागे चढ, बेल्ट लाव आणि दोनदा थोपट. हूक मागच्या भोकात घातलाय बघ. आता माघार नाही!"

चष्मेवाल्यानं बूट घातले. नाड्या बांधल्या. दुकानाच्या वरच्या खोलीत, जिथे तो एकटाच राहायचा, पलंगाच्या कडेवर अर्धा तास त्या नाड्यांकडे बघत बसून राहिला. सहा वाजता त्यानं मेसेज टाकला: 'ताप आहे. येत नाही.' अंगात ताप नव्हता, साधी कणकणही नव्हती. तोवर तिकडे इंजिन सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि धाकट्याचा फोन उडायच्या कपड्यांच्या आतल्या खिशात होता.

सव्वासहाला गाडी मैदानाच्या डाव्या अंगाच्या जुन्या दगडखाणीत कोसळली. तिकडे कधी कुणी जात नसे. मास्तरांनी पोलिसांना दोन माणसं सांगितली. दोर टाकून लोक खाली उतरले, धाकटा लगेच सापडला, आणि मग अकरा वाजेपर्यंत ते दुसऱ्याला शोधत राहिले. शेवटी कुणीतरी चष्मेवाल्याच्या दुकानात फोन लावायला सांगितलं, कुणी असेल तर कळवायला म्हणून. तो त्यानंच उचलला. "तुम्ही... घरी आहात?" मास्तर म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता खाणीत उतरलेल्यांना वर यायला ओरडू लागले.

तो मैदानावर पोचला तेव्हा तिथे धाकट्याची बायको उभी होती. पोलिसानं तिच्यासमोरच विचारलं, "येत नाही हे तुम्ही त्यांना कधी कळवलं?"

"रात्रीच," चष्मेवाला म्हणाला.

एक शब्द. तोंडातून निघून गेला. फोनचा चुरा झाला होता, खोटं पकडणारं कुणी नव्हतं. आणि त्या एका शब्दानं सगळं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फुटलं. एकटं जायचंय हे रात्रीपासून ठाऊक असून हूक पुढच्या भोकात घालायला विसरला, निष्काळजी होता, संपलं.

भावजय रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. नळीवरची चिठ्ठी चुकली तर भलत्याच माणसाला भलतंच औषध मिळतं, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. ती रडली नाही. नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून तिनं कपाटात ठेवला. चष्मेवाला दर रविवारी तिच्याकडे जायचा, आणि दर रविवारी ती चहा ठेवता ठेवता तेच म्हणायची, "अर्ध्या मिनिटाचं काम होतं, दादा. एक हूक. मी एवढी नकोशी झाले होते का त्याला, की अर्धं मिनिटसुद्धा थांबवेना?" तो मान खाली घालून चहा प्यायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्याला तर गिळणंही जड जात होतं.

सात महिने उलटल्यावर मास्तर दुकानात आले. "डोळे तपासा," म्हणाले.

चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवली, एक डोळा झाकला. मास्तरांनी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचली, अगदी खालच्या ओळीपर्यंत, न अडखळता. दुसरा डोळा झाकला तर तेच.

"दूरचं उत्तम आहे तुमचं," चष्मेवाला म्हणाला. "तरुणांचं नसतं असं."

मास्तरांनी फ्रेम काढली नाही. पहिल्यांदाच ते हळू बोलले. "पुन्हा बघा, चष्मेवाले. काहीतरी निघेल. त्या दिवशी मी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीच्या खांबापाशी उभा होतो. त्यानं अंगठा वर केलेला मी पाहिला. मागे कुणी थोपटल्याशिवाय अंगठा कोण वर करतो? म्हणूनच मी दोन माणसं म्हणालो. आणि गाडी समतोल गेली, नाक खाली नाही. हूक मागच्या भोकात, सीट रिकामी, आणि खाणीवर पोचेपर्यंत गाडी समतोल! असं होतच नाही. मग खाणीवर एकदम नाक खाली... मागचा माणूस उतरल्यासारखं." त्यांनी डोळे चोळले. "तुम्ही फक्त एवढं सांगा, की माझे डोळे गेलेत."

चष्मेवाल्याला तसं सांगता आलं नाही. त्यानं फ्रेम काढून पेटीत ठेवली आणि स्वतःलाच आश्चर्य वाटेल अशा आवाजात विचारलं, "मला शिकवाल?"

का शिकायचं, हे त्यानं मास्तरांना सांगितलं नाही, आणि स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्याला वाटे, इंजिनची थरथर कधीतरी खांद्यावर थोपटल्यासारखी लागत असेल. तसं असेल तर धाकट्याचा गैरसमज झाला, एवढंच. आणि तसं नसेल तर? तर काय, ते वर गेल्याशिवाय कळणार नव्हतं. दोन्हीपैकी काहीही असो, धाकटा विसरला नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते भावजयीला सांगायचं तर आधी स्वतःचं तोंड काळं करावं लागणार होतं. बुडत्याला काडीचा आधार तशी ती गाडी होती. कबुली तेवढी पुढे ढकलता येत होती.

मास्तरांना मागे बसवून त्यानं अकरा फेऱ्या मारल्या. भ्यायला, ओकला, पुन्हा आला. इंजिनची थरथर कंबरेत लागे, दातांत लागे. खांद्यावर मात्र कधी लागली नाही. मास्तरांनी थोपटलं की डावा अंगठा आपोआप वर जाऊ लागला, डोक्याला विचारायच्या आत. बाराव्या वेळी मास्तर म्हणाले, "आज एकट्यानं."

ती सकाळ स्वच्छ होती. वाऱ्याची पिशवी मेल्यासारखी लोंबत होती. चष्मेवाल्यानं हूक पुढच्या भोकात घातला आणि तीनदा बघितला. मागच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकला, नाहीतर तो उडून पंख्यात जातो. तोही तीनदा ओढून बघितला. मास्तर पिशवीपाशी जाऊन उभे राहिले. आजूबाजूला दुसरं चिटपाखरू नव्हतं. तो बसला, हेल्मेट चढवलं, इंजिन सुरू केलं आणि ते तापायची वाट बघू लागला.

गाडी जराशी मागे दबली. मग डाव्या खांद्यावर कुणीतरी दोनदा थोपटलं.

त्याचा अंगठा वर गेला.

अंगठा वर गेल्यावर त्याला भीती वाटली, आधी नाही. इंजिन बंद करायचं बटण उजव्या गुडघ्यापाशी होतं. हात तिकडे गेलाही. पण त्याला ते बटण दाबवेना. धाकटा आला असेल, त्याला वाटलं. माझ्यासाठी ठेवलेल्या जागेवर येऊन बसला असेल. आठ महिने ज्याची माफी मागायला तोंड नव्हतं तो वीतभर मागे बसलाय, आणि मी बटण दाबू? त्यानं गॅस दिला.

छत्री डोक्यावर आली. मास्तर म्हणाले होते, एकट्यानं गेलात की गाडी उडीच मारते, घाबरू नका. गाडीनं उडी मारली नाही. ती दोन माणसं घेऊन उठावी तशी कुंथत, मैदानाचं शेवटचं टोक आल्यावर उठली. आणि तिचं नाक वर होतं. चष्मेवाल्याला स्वतःच्या बुटांची टोकं क्षितिजाच्या वर दिसत होती.

"धाकट्या!" तो ओरडला. स्वतःचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. "मी येणार होतो रे! बूट घातले होते मी! ताप नव्हता मला, भ्यालो होतो! ऐकतोस ना?"

डाव्या खांद्यावर हात आला. थोपटला नाही; नुसता ठेवला.

त्यानं डावी पायपट्टी दाबली. धाकटा म्हणेल तिकडे जायचं, त्याला रडू येत होतं, आज तो म्हणेल तिकडे. गाडी सावकाश वळली. खाली मैदानाचं कुंपण गेलं, झुडपं गेली, आणि समोर खाण दिसली. सरळ तुटलेल्या भिंती आणि तळाशी हिरवं पाणी.

तेव्हा त्याला एक साधी गोष्ट आठवली. धाकटा जन्मात कधी मागे बसला नव्हता. लहानपणी सायकलवर दादा पुढे बसला तर हा पायी यायचा, पण मागे बसायचा नाही. मोठेपणी कुणाच्या स्कूटरवर मागे बसायची वेळ आली तर "मी चालवतो, तू बस" म्हणायचा. तो आला असता तर ह्या गाडीत मागे कशाला बसला असता? आणि बसलाच असता तरी एवढा गप्प?

हात तसाच होता. जड, आणि ऊब नसलेला. त्या दिवशी धाकट्याच्या खांद्यावरही हाच होता, हे चष्मेवाल्याला कुणी न सांगता कळलं. धाकट्याला वाटलं असेल, दादा आला. भित्रा दादा एकदाचा आला, बसला, आणि चक्क हात ठेवून सांगतोय की तिकडे ने, मला ती खाण दाखव. किती खूश झाला असेल तो! एका शब्दानं न विचारता त्यानं डावा पाय दाबला असेल.

चष्मेवाल्यानं उजवी पायपट्टी दाबली.

हात दाबू लागला. खांद्याचं हाड दुखेपर्यंत दाबला. त्यानं दोन्ही पाय उजव्या पट्टीवर रोवले आणि दात आवळून धरले. मान वळत नव्हती ह्याबद्दल त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाचे आभार मानले. खाणीची कड पायांखालून हळूहळू बाजूला सरकली, झुडपं परत आली, कुंपण परत आलं. त्यानं गॅस कमी केला. नाक वर ठेवूनच गाडी खाली आली, आणि मागची दोन्ही चाकं अशी आदळली की त्याच्या जिभेला दात लागला. त्यानं बटण दाबलं. इंजिन थांबलं. छत्री मागे गळून पडली.

पुढचं चाक जमिनीला टेकलं नाही.

तो पुढच्या सीटवर बसला होता, अख्ख्या सत्तर किलोंचा, आणि पुढचं चाक वीतभर वर होतं. मास्तर धावत आले ते दहा पावलांवर थांबले. दोघंही त्या चाकाकडे बघत राहिले. ते हळूहळू फिरत होतं, मग फिरायचं थांबलं. कुठेही कसला आवाज नव्हता. मग गाडी एकदा हलली, माणूस उतरताना हलते तशी, आणि चाक अलगद गवतावर टेकलं.

मास्तरांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा त्यानं मागे बघितलं. मागच्या सीटचा बेल्ट सुटलेला होता. दोन्ही टोकं दोन बाजूंना नीट सरळ ठेवलेली होती.

"तुम्ही अंगठा वर केलात," मास्तर म्हणाले.

"हो."

"मग मैदान बंद," मास्तर म्हणाले. "आजपासूनच."

चष्मेवाला घरी गेला नाही. हेल्मेट हातात तसंच घेऊन तो लॅबमध्ये गेला. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग नुकती संपली होती. भावजय आतल्या खोलीत फ्रीजपाशी बसून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. त्याच्या कपड्यांवरचं गवत बघून तिनं भुवया उंचावल्या.

"तो हूक विसरला नव्हता," चष्मेवाला म्हणाला. आता थांबलो तर कधीच बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. "मी रात्री कळवलं नव्हतं. खोटं बोललो मी. पहाटेपर्यंत येतो म्हणत होतो, आणि सहाला मेसेज टाकला. तोवर इंजिन चालू होतं. त्यानं तो वाचलाच नाही. हूक माझ्यासाठी मागच्या भोकात होता. मला ताप नव्हता, मी घाबरलो होतो."

तिनं हातातली नळी रॅकमध्ये ठेवली. "आठ महिने तुम्ही माझ्याकडे येऊन चहा प्यायलात."

"हो."

"मी त्याला नको नको ते बोलत होते. आणि तुम्ही ऐकून घेत होतात."

"हो."

ती उठून त्याच्यासमोर आली. त्याला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिचं मन नळ्या लावणाऱ्या बाईचं होतं, एक दुवा जुळला नाही तर पुढे जाणारं नव्हतं. "मग तो निघाला कसा? मागे कुणी नाही, हे कळलं नाही त्याला?"

"मागून कुणीतरी दोनदा थोपटलं. आज मलाही थोपटलं." तो थांबला. "त्याला वाटलं, मी आलो."

"आणि डावीकडे का वळला?"

"त्याला वाटलं, मी सांगतोय."

कुणी, काय, कसं, ह्यातलं तिनं काही विचारलं नाही. ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. फ्रीज घरघरत होता. त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज येतोय हे चष्मेवाल्याला जरा उशिरानं कळलं.

"म्हणजे शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की दादा मागे बसलाय," ती हातांच्या आडून म्हणाली. "दोन वर्षं त्याला तेवढंच हवं होतं. तेवढंच. मला मेलीला वाटायचं, जाताना तो एकटा होता. रोज रात्री तेच डोळ्यांपुढे यायचं." तिनं चेहरा वर केला. तो पार भिजला होता. "म्हणजे एकटा नव्हता ना, दादा?"

एकटा असता तर निघालाच नसता, हे चष्मेवाल्याच्या ओठांवर आलं होतं. त्याचा खांदा अजून दुखत होता. पण ती आठ महिन्यांत पहिल्यांदा रडत होती.

"नाही," तो म्हणाला. "एकटा नव्हता."